खेळात आग नीट का पेटत नाही?

बंदुकीची गोळी ही संगणकाच्या लेखी बहुतेकदा एक सरळ रेषा असते. चाप ओढला की गेम एवढंच पाहतो: नळीच्या टोकापासून निघालेली रेषा कशाला लागली? भिंतीला, दाराला की माणसाला? हे गणित साधा मोबाइलही पापणी लवायच्या आत हजारो वेळा करतो. आगीला अशी रेषा नसते. आग म्हणजे अख्खी खोली: तिच्यातली हवा, छत, पडदे, गादी, दाराखालची फट, खिडकीतून येणारा वारा, आणि या सगळ्यांचा एकमेकांशी क्षणोक्षणी बदलत जाणारा व्यवहार. व्हिडिओ गेमच्या दुनियेत युद्धाचे खेळ उदंड आहेत आणि आग विझवण्याचे खरेखुरे खेळ अगदी मोजके, हे कोडं इथून उलगडायला लागतं.

कोडं माझ्यासमोर आलं ते जिदहफ्समध्ये. बहरीनची राजधानी मनामा, तिच्या पश्चिमेचं हे जुनं गाव. शहर आता त्याला येऊन भिडलंय, पण आतल्या गल्ल्या अजून गावाच्याच मापाच्या आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे सुट्टीतल्या दुपारी मुलं घरातच. आमच्या इमारतीतली पोरं कुणा एकाच्या घरी जमून गेम खेळतात: विमान उतरवण्याचा, शेतात ट्रॅक्टर हाकण्याचा, लांब पल्ल्याचा ट्रक चालवण्याचा. विमानाच्या खेळात तर कॉकपिटमधलं जवळजवळ प्रत्येक बटण चालतं. त्यांतल्या एका मराठी मुलाने विचारलं, "काका, बंबवाल्याचा असा खराखुरा गेम का नाही?"

या भागात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. जुलै २००६ मध्ये मनामाच्या गुदैबिया भागात कामगार राहत असलेल्या इमारतीला आग लागली आणि १६ भारतीय मजूर दगावले. जानेवारी २०१३ मध्ये मनामातच, मुखारका भागात, अशाच एका निवासाला आग लागून १३ बांगलादेशी कामगार गेले. घराला लागलेल्या आगीत ज्वाळांपेक्षा धूर जास्त माणसं मारतो, हे जगभरचे अग्निशमन अधिकारी सांगत आले आहेत. आणि बहुतेक गेममध्ये नेमका असा खरा धूरच नसतो.

खऱ्या खोलीत काय होतं ते आधी पाहू, कारण ते विलक्षण आहे. समजा, बंद खोलीत सोफ्याच्या कोपऱ्याला ठिणगी लागली. पहिलं मिनिटभर जाळ वीतभरच असतो. पण तापलेला वायू सरळ वर जातो, छताला आपटतो, चारी बाजूंना पसरतो आणि भिंतींपाशी पोहोचल्यावर खाली वळतो. बघता बघता खोलीचे दोन भाग होतात. वर काळ्या, तप्त धुराचा थर आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ, थंड हवा. दोन्हींमधली सीमा इतकी स्पष्ट असते की गुडघ्यावर बसलेल्या माणसाला खोली दिसते आणि उभ्या माणसाला स्वतःचा हातही दिसत नाही. अग्निशमन दलाचा जवान आत रांगत का जातो, याचं कारण हा थर. उभं राहायचं म्हणजे काहीशे अंशांच्या धुरात डोकं घालायचं.

थर खाली उतरत राहतो आणि त्याच वेळी वरून उष्णता ओतत राहतो. खालचं टेबल, सतरंजी, कपड्यांचा ढीग यांना अजून ज्वाळेचा स्पर्शही झालेला नसतो, तरी त्यांतून वाफा निघायला लागतात. जळतं ते लाकूड नव्हे, लाकडातून सुटणारा वायू. छताजवळचं तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसला पोहोचलं की खोलीतली प्रत्येक जळण्याजोगी वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेट घेते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. तोवर खोलीत आग असते. त्यानंतर खोलीच आग होते. अंगात पूर्ण संरक्षक पोशाख असला तरी आतल्या जवानाच्या हातात मग काही सेकंदच उरतात.

अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचं सामान, म्हणजे लाकूड, कापूस, लोकर. दुसरीत आजचं, म्हणजे फोम, पॉलिस्टर आणि प्लास्टिक. जुन्या खोलीत फ्लॅशओव्हर व्हायला जवळपास अर्धा तास लागला. नवी खोली चार मिनिटांच्या आत गेली. आजीच्या काळात घराला आग लागली तर शेजारीपाजारी बादल्या घेऊन धावायचे आणि बऱ्याचदा ती विझायचीही, त्यामागे हेही एक कारण असावं. आज बंब इमारतीखाली येऊन उभा राहीपर्यंत खोली हातची गेलेली असते.

आणि हवा कमी पडली तर? गावाकडे ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना हे ठाऊक आहे: ओलं सरपण नुसतं धुमसत राहतं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत धूर होतो, आणि फुंकणीने एक फुंकर घातली की भक्कन जाळ उठतो. बंद खोलीतही हेच घडतं, फक्त अख्ख्या खोलीच्या मापाने. प्राणवायू संपल्यामुळे ज्वाळा दिसेनाशा होतात, खोली मात्र न जळलेल्या तप्त वायूने गच्च भरलेली असते. अशा वेळी कुणी दार उघडलं की बाहेरची हवा जमिनीलगत आत शिरते आणि सगळा वायू एकदम पेटून स्फोटासारखा बाहेर फेकला जातो. दार उघडण्याआधी ते किती तापलंय हे हाताच्या पाठीने पाहायचं, बाजूला खाली बसायचं, आणि पाण्याची नळी तयार असल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे जवानाला घोटून घोटून शिकवतात ते यासाठी.

आता हे सारं संगणकाला करायला सांगा. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक खोली घ्या. तिच्यातल्या हवेचे दहा-दहा सेंटिमीटरचे घन कल्पिले तर ४८,००० घन होतात. एक-एक सेंटिमीटरचे केले तर ४ कोटी ८० लाख. प्रत्येक घनाचं तापमान किती, दाब किती, हवा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालली आहे, प्राणवायू किती उरला, काजळी किती, याचा हिशेब ठेवायचा. शिवाय प्रत्येक घन शेजारच्या घनांवर परिणाम करतो तोही धरायचा. गेम गुळगुळीत दिसायला सेकंदाला ६० चित्रं लागतात, म्हणजे एका चित्राला सुमारे १६ मिलिसेकंद. तेवढ्यातच भिंती, माणसं, सावल्या, आवाज हेही आलं.

हा हिशेब प्रामाणिकपणे करणारं सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, निस्टने, २००० साली फायर डायनॅमिक्स सिम्युलेटर नावाचा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. जगभरचे अभियंते तो वापरतात आणि तो फुकट मिळतो. पण खोलीतली काही मिनिटांची आग नीट मांडायला त्याला कित्येक तास, कधी कधी दिवसही लागतात. खेळणाऱ्याला तेवढा धीर कुठला!

तरी गेम बनवणाऱ्यांनी हात टेकले नाहीत. २००८ च्या 'फार क्राय २'मध्ये आफ्रिकेतल्या गवताळ रानाचे चौकोन पाडून आग एका चौकोनातून दुसऱ्यात पसरवली होती. वाऱ्याच्या दिशेने ती धावायची आणि लावणाऱ्याच्याच अंगावर उलटायची. २०१७ च्या 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये गवत पेटवलं की गरम हवा वर उठते आणि नायक कापडी छत्रीच्या आधाराने त्या झोतावर स्वार होऊन आकाशात चढतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी थक्क झालो होतो, कारण तिथे आग ही रंगीत चित्रापुरती न राहता हवेला ढकलणारी शक्ती झाली होती. मात्र या दोन्ही खेळांत आग हे हत्यार आहे. लावायची, आणि पुढे जायचं.

विझवण्याचे खेळही आहेत, नाहीत असं नाही. १९८२ साली अटारीच्या यंत्रावर 'फायर फायटर' आला. १९९४ मध्ये जपानी कंपनी ह्यूमनने 'द फायरमेन' काढला. १९९८ मध्ये सेगाचा 'बर्निंग रेंजर्स', २००४ मध्ये कोनामीचा 'फायरफायटर एफ. डी. १८'. यांतले बरेचसे आगीला राक्षस मानतात: पाण्याचा फवारा मारला की तिची ताकद घटते, शून्यावर आली की ती मरते. म्हणजे फिरून बंदूकच, फक्त नळीतून पाणी येतं. २०२० च्या 'फायरफायटिंग सिम्युलेटर: द स्क्वॉड' या जर्मन गेमने मात्र फ्लॅशओव्हर, तेलाची आग, विजेचा धोका हे सगळं खेळात आणलं, चार जणांची तुकडी केली, बंबांचे तपशील मन लावून रेखाटले. तो या दिशेचा सच्चा प्रयत्न आहे. त्याचं शहर अमेरिकी आहे, रस्ते रुंद, चौकाचौकात पाण्याचे खांब.

मग उरलेली अडचण कोणती? नुसत्या गणिताची म्हणाल तर ती वर्षागणिक कमी होते आहे. माझ्या मते मोठी अडचण धुराची आहे. खरा धूर दाखवला तर पडदा काळा होतो. जवान बऱ्याचदा काहीच न पाहता काम करतो: एक हात भिंतीवर ठेवून, भिंत न सोडता खोलीला पूर्ण फेरी घालतो, दुसऱ्या हाताने पलंगाखाली, दारामागे चाचपत जातो. बाहेर यायची वाट त्याला पाण्याच्या नळीवरून कळते. नळी सोडली की तो हरवला. डोळ्यांवर चालणाऱ्या करमणुकीत डोळेच काढून घ्यायचे, हे कुठल्या कंपनीच्या गळी उतरणार? पण मला वाटतं, इथेच एक अफाट खेळ दडलेला आहे. स्वतःच्या श्वासाचा आवाज, भिंतीपलीकडची चरचर, कुठूनतरी येणारा खोकला, एवढ्यावर माग काढायचा.

नळीचंच घ्या. गेममध्ये ती दोरीसारखी हलकी असते. आपल्याकडे सर्रास वापरात असलेली ६३ मिलिमीटर व्यासाची नळी १५ मीटर लांबीच्या तुकड्यांत येते. पाणी भरलं की एका तुकड्यात सुमारे ४७ किलो पाणी असतं. असे दोन तुकडे जोडून लाकडी जिन्याच्या वळणांवरून ओढत न्यायचे म्हणजे माणसापेक्षा जड ओझं. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा सुमारे एक बार दाब खर्ची पडतो. प्रवाह दुप्पट केला तर नळीतल्या घर्षणात वाया जाणारा दाब चौपट होतो. खाली पंपावर उभा असलेला माणूस हा हिशेब डोक्यात करत असतो. त्याचं चुकलं की वर नळीच्या तोंडातून पाणी नुसतं ठिबकतं. पाणीही दुधारी आहे. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. ही वाफ आग गुदमरवते, पण फवारा चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी मारला तर तीच उलटून फवारा मारणाऱ्याला भाजते. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा तर घड्याळच आहे. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा मावते. शांत बसलेल्या माणसाला ती खूप पुरेल. जिना चढून, नळी ओढून धापा टाकणाऱ्याला अर्धा तास, फार तर थोडी अधिक. हवा संपत आली की शिटी वाजते, आणि तोवर परतीच्या वाटेला लागलेलं असावं लागतं. गेमला लागतं ते सगळं यात आहे: वेळ, ओझं, मर्यादित साधनं, साथीदारावरचा विश्वास.

आणि निर्णय. मुंबईकरांना याचं सर्वांत जळजळीत उदाहरण माहीत आहे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज धक्क्याला उभं होतं. एकाच जहाजात कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या खणात आग लागल्याचं लक्षात आलं. जवानांनी ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं, पण दाट धुरामुळे आगीचं मूळ सापडेना. जहाजातलं पाणी उकळायला लागलं. पावणेचारच्या पुढे जहाज सोडण्याचा हुकूम निघाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्याची नोंद झाली. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

त्या दोन तासांकडे खेळ म्हणून नव्हे, पण समजून घेण्यासाठी पाहा. जहाज ओढून समुद्रात न्यायचं? धक्क्यालाच बुडवायचं? आग विझवत राहायचं? की सगळ्यांना मागे घ्यायचं? प्रत्येक पर्यायात वेगळी माणसं वाचतात आणि वेगळी धोक्यात येतात, आणि हातात माहिती अपुरी. पुस्तकात वाचताना उत्तर सोपं वाटतं, कारण ४.०६ हा आकडा आपल्याला आधीच माहीत असतो. घड्याळ चालू असताना ते माहीत नसणं म्हणजे काय, हे अनुभवायला देणारं एकच माध्यम मला माहीत आहे, आणि ते म्हणजे गेम.

काळबादेवीचीही आठवण काढायला हवी. ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. आग विझवण्याचं काम चालू असताना इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. दलाचे उपप्रमुख सुधीर अमीन आणि प्रमुख सुनील नेसरीकर हे त्याच महिन्यात उपचार सुरू असताना वारले. शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता, हे विसरता येत नाही. लाकडाचा खांब आगीत मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर कोळसा होत जातो, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ जपतो. लोखंडी तुळई ६०० अंशांच्या आसपास जवळजवळ निम्मी ताकद गमावते, बाहेरून मात्र तशीच दिसते. इमारत कधी साथ सोडेल, हे ओळखणं हे या कामातलं सर्वांत अवघड शहाणपण आहे, आणि गेममधल्या इमारती बहुधा कधी पडतच नाहीत.

हे शहाणपण संगणकाने शिकवता येतं का? येतं. ३० मे १९९९ रोजी वॉशिंग्टनच्या चेरी रोडवरच्या घरात आग लागली. आग तळघरात, जवान वरच्या मजल्यावर. तळघराचं मागचं काचेचं सरकतं दार उघडलं गेलं, ताजी हवा आत शिरली आणि तप्त वायूचा लोट जिन्यावाटे वर धावला. दोन जवान गेले. वर असलेल्यांना एवढी उष्णता अचानक कुठून आली, ते निस्टने पुढे आपल्या प्रोग्रामवर तीच आग पुन्हा पेटवून दाखवलं: हवा कुठून आली, कुठल्या वाटेने वर गेली, आणि जिन्याचं धुराडं कसं झालं. ऑस्ट्रेलियात डीकिन विद्यापीठातून निघालेल्या 'फ्लेम' या सराव-यंत्रात डोळ्यांवर आभासी जग, अंगात गरम होणारं जॅकेट आणि हातात खऱ्यासारखा मागे रेटणारा पाइप असतो. म्हणजे तंत्र आहे. ते जवानांच्या शाळेपर्यंत पोहोचलंय, मुलांच्या दिवाणखान्यापर्यंत अजून नीट पोहोचलेलं नाही.

माझी मागणी साधी आहे, आणि ती पुण्या-मुंबईत गेम बनवणाऱ्या तरुणांकडे आहे. खरी माहिती देणारी माणसं तुमच्या हाताशी आहेत: देशाचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात आहे, मुंबई दलाचं मुख्यालय भायखळ्याला. त्यांना भेटा. अमेरिकी उपनगर नको. गिरगावातली चाळ घ्या: सागवानी खांब, अरुंद लाकडी जिना, जिन्याखाली विजेचे मीटर, गॅलरीत सायकली आणि पिंपं, तोंडाशी गाड्या लावलेली गल्ली. वर्दी मिळाल्यापासून खेळ सुरू करा. बंब गल्लीत शिरत नाही इथपासून अडचण सुरू होऊ द्या. धूर काळा ठेवा. पाण्याला वजन द्या. इमारतीला बोलू द्या. आणि माघार घेण्याच्या निर्णयालाही गुण द्या.

तो खेळ येईल तेव्हा येईल. तोवर त्यातली एक गोष्ट आजच घरात आणता येते. यूएलच्या चाचण्यांत असं दिसलं की पेटलेल्या घरात दार उघडं असलेल्या खोलीत तापमान ५०० अंशांच्या वर जातं, आणि साधं दार लावून घेतलेल्या शेजारच्या खोलीत ते चाळिशीच्या आसपास राहू शकतं. रात्री झोपताना खोलीचं दार लावून घ्या. आगीतून बाहेर पडताना मागचं दार ओढून घ्या, धूर असेल तर रांगत जा, सामानासाठी परतू नका, आणि बाहेर आल्याबरोबर महाराष्ट्रात १०१, बहरीनमध्ये ९९९ हा नंबर फिरवा.